नवीन पिकअपच्या हौद्याला आतून काय घालावं? रबर मॅट, चेकर पत्रा, प्लास्टिक की स्प्रे (तासगाव)

तासगाव_बेदाणा

नमस्कार मंडळी. परवा नवीन पिकअप घरी आली, नऊ फुटी हौदा. पूजा झाली, नारळ फुटला, पण अजून एक पण खेप केली नाही आणि मुद्दामच केली नाही. हौद्याचं काय ते ठरल्याशिवाय त्यात एक गोणी टाकायची नाही असं ठरवलंय.

कारण सांगतो. जुनी गाडी घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात गोठ्यात घालतात तसली काळी रबर मॅट आणून टाकली, अखंड एकच पीस, भिंतीपासून फाळक्यापर्यंत, म्हणजे मागच्या उघडायच्या झडपेपर्यंत, घट्ट बसवलेली. वरून एवढी चांगली दिसायची की पाच वर्षं ती कुणी उचललीच नाही. यंदा गाडी विकायला काढली, गिऱ्हाईक आलं, त्यानं मागचा कोपरा धरून मॅट वर केली आणि आम्ही दोघं पण गप्प झालो. खाली पांढरी खपली धरलेली होती, खताची, पत्र्याच्या नाळ्यांमध्ये दाबून बसलेली आणि ओलीच, मे महिन्यात ओली. हातानं खरवडली तर खपलीबरोबर पत्र्याचे पापुद्रे निघाले. त्यानं खिशातला स्क्रूड्रायव्हर टेकवला, दाबला पण नाही नीट, तर आरपार गेला, खालचं चासीचं क्रॉस मेंबर, म्हणजे आडवी पट्टी, दिसलं. वरून गाडी चकाचक होती. भाव जो पडायचा तो पडलाच पण मला जास्त वाईट ह्याचं वाटलं की गाडी जपायची म्हणून जे घातलं त्यानंच गाडी खाल्ली.

माझा माल असा: जानेवारी ते एप्रिल द्राक्षं, क्रेटमध्ये. मग बेदाण्याचे 15 किलोचे बॉक्स, कोल्ड स्टोअरेजला आणि सौद्याला. जूनपासून खतं, त्यात पोटॅश, डीएपी, गंधकाची पोती पण. मधल्या काळात भाडं येईल ते, खडी, डबर, सिमेंट, वर्षातून दोनतीनदा म्हैस. रबर मॅट, 3 एमएमचा चेकर पत्रा (उठावाची नक्षी असलेला), जाड प्लास्टिकची शीट आणि स्प्रे (पत्र्यावर फवारून चिकटवायचा थर) असे चार भाव घेतलेत, स्प्रे मॅटच्या जवळजवळ चौपट पडतोय. ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा, दुकानदारांचं ऐकून डोकं फिरायची वेळ आलीय.

कोरेगाव_आलं

दादा अभिनंदन गाडीचं. आमच्याकडं आल्याची पोती असतात, माती सकट, ओली. मॅटच आहे आमच्या पण गाडीला, सहा वर्षं झाली, पत्रा चांगला आहे. फरक एवढाच की दर अमावस्येला गाडी धुतो तेव्हा मॅट काढून उभी करून ठेवतो दिवसभर. मॅट वाईट नाही ओ, ती न उचलणं वाईट.

कुपवाड_फॅब्रिकेटर

एमआयडीसीत बॉडीची कामं करतो, वीस वर्षं झाली, जे बघितलंय ते लिहितो, लांबेल जरा.

पहिलं वजन बघा कारण ते कुणी बघतच नाही. नऊ फूट बाय साडेपाच फूट म्हणजे साधारण 4.6 चौरस मीटर तळ. लोखंडाचा 3 एमएम पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो, चेकरच्या उठावाचं वजन वेगळं. म्हणजे नुसत्या तळाला 110 ते 115 किलो. बाजू आणि फाळका पण मढवा म्हणालात तर 190 च्या पुढं गेलात. तुमच्या भाषेत सांगायचं तर तळाच्या पत्र्यातच बेदाण्याचे सात बॉक्स गेले, ते तुम्ही आयुष्यभर रोज फुकट वाहणार, डिझेल जाळून. आरसी बुकात एकूण वजन ठरलेलं असतं, पत्रा वाढला की माल तेवढा कमी भरायचा. आणि जास्त भरलात आणि काट्यावर घेतलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम 194, 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000, शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा.

आता पत्रा कुणाला लागतो? ज्याचं रोजचं काम डबर, विटा, खडी आहे, फावड्यानं ओढून खाली करायचं आहे त्याला. त्याला दुसरं काही टिकत नाही, फावड्याची धार मॅटला पण कापते आणि स्प्रेला पण. पण तो पत्रा कसा बसवला ह्यावर सगळं आहे. बरेच जण आत ठेवून सरळ वेल्डिंगचे टाके मारतात. टाका मारला की खालच्या बाजूचा कंपनीचा रंग जळतो, तिथं हात पोचत नाही, ब्रश पोचत नाही, आणि गंज तिथूनच सुरू होतो. दोन पत्रे एकमेकांवर चिकटून असले की मधे पाणी शिरतं ते बाहेर पडत नाही, तुमच्या मॅटखाली झालं तेच, फक्त हे उचलून बघता पण येत नाही. मी बसवतो तेव्हा बोल्टावर बसवतो, मधे रबराच्या पट्ट्या, आणि चेकरला दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर. नुसतं रेड ऑक्साइड मारून मोकळं होऊ नका, ते वर दुसरा रंग नसेल तर पाणी पिऊन घेतं.

आणि गाडीवर कुठलंही वेल्डिंग असो, आधी बॅटरीच्या वायरी काढायच्या. नव्या गाड्यांना ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, असतो, तो उडाला की खर्च पत्र्यापेक्षा जास्त.

अल्युमिनियम चेकर पण येतो, 3 एमएमला 38 किलोच्या आसपास तळ होतो, हलका आहे, दिसायला पण छान. पण लोखंडावर उघडं अल्युमिनियम आणि मधे खताचं पाणी आलं की दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि अल्युमिनियम झिजायला लागतं, पांढरी पावडर दिसते बघा. मधे रबर किंवा जाड रंग पाहिजेच.

तुमचा माल बघता मी माझंच गिऱ्हाईक घालवतोय, पण चेकर घालू नका.

तासगाव_बेदाणा

मालक लई उपकार. सात बॉक्सचा हिशोब कुणीच सांगितला नव्हता. चेकर बाद.

वाईची_नर्सरी

आमची रोपांची गाडी आहे, उसाची आणि भाजीची रोपं ट्रेमध्ये. ट्रे कायम पाणी गळणारे, त्यामुळं हौदा बारा महिने ओला. आम्ही प्लास्टिकची जाड शीट टाकली होती, पांढरी, एचडीपीई म्हणतात ती, 5 एमएम. वजनाला काहीच नाही, दोघींनी उचलून आणली. धुवायला पण सोपी. पण दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे ट्रे घसरतात, पसरणीच्या घाटात वळणावर सगळे एका बाजूला, रोपांच्या माना मोडल्या, नुकसान झालं ते झालंच. दुसरं म्हणजे एप्रिलमध्ये शीट मधून फुगून वर आली, ढोलासारखी, पाय दिला की टप टप वाजायची, आणि कडेचे दोन रिबिट उपटून आले. ज्यानं बसवली तो म्हणाला माल खराब निघाला. कुणाला माहितेय का असं का होतं?

कुपवाड_फॅब्रिकेटर

ताई माल खराब नव्हता, बसवणं चुकलं. प्लास्टिक उन्हानं लोखंडाच्या दहापट तरी वाढतं. सकाळचा गारवा आणि दुपारचा तापलेला हौदा ह्यात 40 अंशाचा फरक धरला तर नऊ फुटाची शीट लांबीत दीड सेंटीमीटरच्या आसपास वाढते, खालचा पत्रा एक दीड मिलीमीटर. चारी बाजूंनी रिबिट मारून आवळली की तिला जायला जागा नाही, मग ती वर उठते. भोक गोल न पाडता लांबट पाडायचं, मोठा वाशर टाकून बोल्ट हलकाच आवळायचा, कडेला बोटभर जागा सोडायची. आणि घसरण्याला उपाय वर खरखरीत असलेली शीट, नाहीतर ट्रेखाली पातळ रबराच्या पट्ट्या.

वाईची_नर्सरी

हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. पावसाळ्याच्या आधी काढून परत बसवून घेते. धन्यवाद दादा.

सातारा_डीमॅक्स

माझी डीमॅक्स आहे, डबल केबिन, शेतावर आणि घरची दोन्ही कामं. तिला बादलीसारखा आख्खा तयार प्लास्टिकचा लाइनर, म्हणजे हौद्याचं आतलं अस्तर, येतो, तळ आणि बाजू एकाच साच्यातल्या, आणून बसवला की झालं. बोलेरो, योद्धा, दोस्त ह्यांच्या सपाट हौद्याला, तिन्ही बाजूचे फाळके पडतात तिथं तसला चालणारच नाही, तेव्हा तासगावकर दादा तो विषय तुम्ही सोडाच. पण ज्यांच्याकडं हायलक्स किंवा डीमॅक्ससारखी गाडी आहे त्यांच्यासाठी लिहितो: वर्षातून दोनदा तो काढून खाली बघा. तो सैल असतो, गाडी हलेल तसा हलतो, मधे यवतेश्वरच्या रस्त्यावरची धूळ जाऊन बसते आणि पॉलिश पेपर मारल्यासारखा रंग घासून निघतो. माझा दोन्ही कोपऱ्यांत चमकता पत्रा दिसायला लागला होता, वेळेत बघितला म्हणून टचअप करून वाचला.

आता महत्त्वाचं, आणि हे सगळ्यांनी नीट वाचा. फवारणी पंपासाठी, ब्रश कटरसाठी आपण कॅनमध्ये पेट्रोल आणतो. कॅन हौद्यातच ठेवून पंपावर भरायचा नाही. खाली प्लास्टिकचा लाइनर असेल तर कधीच नाही. पेट्रोल नळीतून पडताना स्थिर वीज तयार होते, कॅन जमिनीवर असेल तर ती जमिनीत उतरते, प्लास्टिकवर असेल तर तिला वाट नाही, ती कॅनवर साठते आणि नोझल जवळ आलं की ठिणगी. अमेरिकेत असल्या लाइनरवर कॅन भरताना आगी लागल्या म्हणून तिथल्या नायोश ह्या कामगार-आरोग्य संस्थेनं 1998 साली लेखी इशारा काढला होता. कॅन खाली उतरवायचा, जमिनीवर ठेवायचा, नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून ठेवायचं, मग भरायचं. दोन मिनिटं जातात. आमच्या गावात पोरं हौद्यात उभी राहून कॅन धरतात, मी प्रत्येकाला खाली उतरवतो, ते वैतागतात, वैतागू देत.

कोरेगाव_आलं

हे माहीतच नव्हतं. आमच्यात सगळे हौद्यातच भरतात. रबर मॅटवर पण हेच का?

सातारा_डीमॅक्स

हो, रबर असो प्लास्टिक असो, जे वीज वाहून नेत नाही त्यावर भरायचंच नाही. साध्या पत्र्यावर पण रंग असतोच की. जमीन ती जमीन.

कराड_कोटिंग

स्प्रेचं काम करतो म्हणून आधीच सांगतो की माझा धंदा आहे हा, त्या हिशोबानं वाचा. पण स्प्रेच्या नावाखाली बाजारात काय काय विकलं जातंय ते बघून राग येतो म्हणून लिहितोय.

अमेरिकेत हे काम जुनं आहे, राइनो लाइनिंग्ज ही कंपनी 1988 पासून, लाइन-एक्स 1993 पासून. आपल्याकडं आत्ता आत्ता जिल्ह्याच्या ठिकाणी पोचलंय. स्प्रे म्हणून तीन वेगवेगळ्या वस्तू विकतात.

एक पॉलियुरिया. ह्याला मोठी मशीन लागते, दोन रसायनं वेगवेगळी 65-70 अंशाला तापवून मोठ्या दाबानं गनच्या तोंडाशी एकत्र होतात आणि पत्र्यावर पडल्यावर काही सेकंदांत घट्ट होतात. दोन अडीच मिलीमीटर थर एकाच दिवशी बसतो. हवेतल्या दमटपणाची ह्याला फारशी भीती नाही. दोन पॉलियुरेथेन, हे सावकाश वाळतं, आणि पावसाळ्यात मारलं तर दमट हवेशी रिॲक्शन होऊन आत बुडबुडे धरतात, स्पंजासारखं होतं, वरून कळत नाही पण नंतर सोलतं. तीन म्हणजे बाटलीतलं किट, कंप्रेसरला साधी गन लावून मारायचं, थर पातळ बसतो, घरच्या गाडीला, हलक्या मालाला चांगलं आहे पण खडीला नाही. तासगावकर तुम्हाला जो भाव दिलाय तो ह्या तिन्हीतला कशाचा, ते आधी विचारा. आणि थर किती मिलीमीटर, हे बिलावर लिहून घ्या.

स्प्रेचा खरा फायदा काय, तर तो चिकटतो. मधे जागाच राहत नाही, त्यामुळं तुमच्या मॅटखाली जे झालं त्याला जागा नाही. 4.6 चौरस मीटर तळाला अडीच एमएम म्हणजे बारा किलोच्या आसपास वजन. पण तो चिकटला तरच. शंभरातलं ऐंशी काम गन हातात घ्यायच्या आधीचं असतं. नव्या गाडीचा रंग गुळगुळीत असतो, तो 80 नंबरच्या पेपरनं घासून सगळी चमक मारायची, एक पण चमकता ठिपका दिसता कामा नये, मग सॉल्व्हेंटनं दोनदा पुसायचं, दर वेळी नवं फडकं. कारागीर दोन तासांत गाडी देतो म्हणाला तर तिथून गाडी फिरवा. जुन्या गाडीला तर गंज पार उघड्या लोखंडापर्यंत काढून प्रायमर मारून मग स्प्रे. गंजावर स्प्रे मारला तर गंज झाकला जातो, थांबत नाही.

आणि हात जोडून सांगतो, जळकं ऑइल मारू नका हौद्याला. आपल्याकडं सर्रास मारतात, गंज धरत नाही म्हणून. मालाला वास लागतो, खाण्याच्या मालाला ते लागणं चांगलं नाही, आणि ते एकदा सांध्यांत मुरलं की नंतर त्यावर काहीच चिकटत नाही. ऑइल मारलेल्या दोन गाड्या मी परत पाठवल्यात.

तोटे पण सांगतो. एकदा मारला की काढणं महाकठीण. काळा स्वस्त प्रकार उन्हात पांढुरका पडतो, मजबुती तशीच राहते पण दिसायला जातो. कुठं खोल कापला गेला तर लगेच पॅच मारायचा, नाहीतर तिथून पाणी आत सरकतं. आणि मारताना जी वाफ असते त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट, त्यानं कायमचा दमा लागू शकतो. साधा कापडी मास्क लावून पोरगा गन धरतोय असं दिसलं तर तिथं काम देऊ नका, त्या पोराचा विचार करून तरी देऊ नका. बाहेरून हवा पुरवणारा मास्क पाहिजे.

मिरज_गोठा

जनावर चढवायचं असेल तर स्प्रे एकटा पुरत नाही. म्हशीचा खूर ओल्या पत्र्यावर फर्रकन जातो, एकदा मागचे पाय फाकले की ती उठत नाही, कंबरेत मोडते. मी डोळ्यानं बघितलंय, परत बघायचं नाही. खाली मॅट पाहिजे, उठाव असलेली, वर पाचट नाहीतर भाताचं काड. शेण मुताला पण पाचटच धरून ठेवतं. पोचल्यावर सगळं काढून लगेच धुवायचं.

आणि मॅटखालच्या ओलीचं म्हणाल तर 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर आमच्या गल्लीत तीन पिकअप होत्या, तिन्ही पाण्यात होत्या. दोघांनी वरून धुतल्या, एकानं मॅट काढून धुतली. कृष्णेचा गाळ लोण्यासारखा बारीक असतो, मॅटखाली गेला की महिनाभर वाळत नाही. दिवाळीपर्यंत दोन्ही गाड्यांचा पत्रा फुगलेला होता, तिसरी गाडी अजून पळतीय, म्हैसाळला दूध आणती.

खटाव_क्रशर

क्रशरवरचा जुना पट्टा घ्या की, कन्व्हेयर बेल्ट. झिजला म्हणून क्रशरवाले काढून टाकतात, साखर कारखान्यावर पण मिळतो. रबर मधे कापडाचे थर, फावडं पण कापत नाही लवकर. माझ्या गाडीला तीन वर्षं आहे, खडी डबर सगळं. फक्त आत तारा असलेला घेऊ नका, तो कापायला पण जड आणि कडेला तारा बाहेर येऊन गंजतात, हमालाचे हात फाटतात. कापडाचाच घ्या.

कोरेगाव_आलं

पण बेल्टला खडीची पूड, ग्रीस असतं. द्राक्षाला चालेल का?

खटाव_क्रशर

खरंय, द्राक्षाला नाही चालणार. खडीला आणि डबराला म्हणून म्हणलं.

तासगाव_बेदाणा

सगळं दोनदा वाचलं, बायकोला पण वाचून दाखवलं, ती म्हणली मॅटनं एकदा शहाणपण शिकवलंय आता परत अखंड मॅट नको. अजून एक शंका. बेदाणा करताना आपण डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात द्राक्ष बुडवतो, ते डबे मी गाडीतूनच नेतो शेडवर, थोडं सांडतंच. जुन्या मॅटला त्या जागी मऊ फोड आले होते. स्प्रेला काही होतं का त्यानं?

कराड_कोटिंग

तुमची मॅट साध्या रबराची असणार, तेल पिऊन फुगते ती. तेल सहन करणारं नायट्राइल रबर वेगळं असतं आणि महाग असतं. पॉलियुरियाला सांडलेल्या डिपिंग ऑइलनं काही होत नाही, पण तसंच ठेवू नका, साबणाच्या पाण्यानं धुवा, तेलकट हौद्यात क्रेट पण घसरतात. खताचं मात्र कडक पाळा. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ, हवेतली ओल ओढून घेतो आणि पत्रा कोरतो. गंधकाच्या पावडरीवर ओल आली तरी तेच. खताची खेप झाली की त्याच दिवशी पाणी मारायचं, फाळक्याच्या बिजागऱ्यांत पण मारायचं, स्प्रे तिथं पोचत नसतो.

कुपवाड_फॅब्रिकेटर

हौद्याच्या तळाला पाणी जायची भोकं असतात ती बुजवू देऊ नका स्प्रेवाल्याला. आधी त्यात लाकडाची खुंटी ठोकून ठेवायची, काम झालं की काढायची. दोरी बांधायच्या कड्या, फाळक्याच्या कड्या पण टेप लावून झाकून घ्या. आणि शोरूमला आधी विचारून घ्या बॉडीच्या वॉरंटीचं, ड्रिल मारायचं असेल तर खास करून.

तासगाव_बेदाणा

ठरलं मग. तळाला आणि बाजूंना सव्वा फुटापर्यंत पॉलियुरिया, आणि खडी किंवा म्हैस असेल त्या दिवशीपुरतीच वर मॅट, तुकड्यातुकड्यांची, काम झालं की काढून शेडमध्ये उभी. द्राक्ष बेदाण्याला नुसता स्प्रे. करून झालं की सांगतो.

तासगाव_बेदाणा

तीन आठवड्यांनी लिहितोय, काम झालं. जे झालं ते सगळं सांगतो म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

सकाळी आठला गाडी लावली आणि स्वतः तिथंच बसलो. घासायलाच दुपार झाली, दोन पोरं, फाळके उतरवून वेगळे घासले. मी एकदा आत चढून बॅटरी मारून बघितलं, पुढच्या भिंतीच्या खालच्या कोनात वीतभर पट्टा अजून चमकत होता, दाखवला, त्यांनी परत घासला, कुरकुर केली नाही. भोकांना खुंट्या मारल्या. पुसून झाल्यावर मी पांढरा रुमाल फिरवला, स्वच्छ निघाला. स्प्रे बघताबघता झाला, अर्धा पाऊण तास, मारणाऱ्याला हवेच्या नळीचा मास्क होता, आम्हाला शेडबाहेर काढलं होतं. अर्ध्या तासानं वर पाय दिला तर घट्ट, खरखरीत, सँडपेपरसारखा.

मग त्यांच्याकडं जाडी मोजायचं मीटर होतं, पत्र्याला टेकवलं की आकडा येतो. तळाला सगळीकडं 2.3 ते 2.8 मिलीमीटर आलं. पण मागच्या डाव्या कोपऱ्यात, फाळक्याच्या बिजागरीजवळ, 1.1. तिथंच माल उतरवताना सगळ्यात जास्त घासतं. बिलावर अडीच लिहून घेतलं होतं म्हणून बोलता आलं, त्यांनी तेवढा भाग परत घासून दुसरा हात मारला, आता 2.6 आहे. लिहून घ्यायला सांगितलं त्याबद्दल कराडकरांचे आभार, नाहीतर मला तो कोपरा कळला पण नसता.

जाताना आणि येताना वजनकाट्यावर रिकामी गाडी घातली. फरक 20 किलो. काटा दहा दहानीच सरकतो त्यामुळं दोन चार किलो इकडं तिकडं.

पहिली खेप डीएपीची केली, 50 किलोच्या पंचवीस गोण्या. एक गोणी फुटलेली निघालीच. घरी येऊन पाईपनं पाणी मारलं, दाणे पाण्याबरोबर भोकांतून खाली, दहा मिनिटांत हौदा मोकळा. मागचे दिवस आठवले, तेच दाणे पाच वर्षं मॅटखाली बसून होते.

एक त्रास आहे तो पण सांगतो. खरखरीत असल्यामुळं गोणी ओढत नेली की खालून घासून फाटते. हमाल म्हणाले मालक, उचलूनच ठेवावी लागतीय. बेदाण्याच्या बॉक्सचा पुठ्ठा पण ओढला तर खरवडतो. आता खाली एक जुनी ताडपत्री अंथरतो, ती खेप झाली की झटकून घडी.

वाईची_नर्सरी

फार छान लिहिलंत दादा. आमच्या ट्रेला खरखरीतच पाहिजे, पुढच्या गाडीला हेच करणार.

फलटण_नवीनगाडी

मी पण नऊ फुटीच घेतोय पुढच्या महिन्यात. मॅटचे तुकडे किती बाय कितीचे केले? आणि एकट्याला उचलतात का?

तासगाव_बेदाणा

तीन तुकडे, प्रत्येक तीन फूट बाय साडेपाच फूट, आडवे टाकायचे. 10 एमएम जाडी, एक तुकडा 20 किलोच्या आसपास, एकटा माणूस गुंडाळून खांद्यावर टाकतो. तिन्हीच्या कडा अर्धा इंच कमी कापून घ्या, घट्ट बसवू नका, म्हणजे कोपरा बोटानं धरून वर करता येतो. माझ्या धाकट्याला दाखवून ठेवलंय, मॅट घातलेली असेल त्या दिवशी शाळेतून आला की तो एक कोपरा उचलून बघतो आणि मला ओरडून सांगतो, अण्णा, कोरडाय.